चौथा टायर फुकट का?

खांबेटेकाका भेटले की आधी तुमच्या चेहऱ्याकडे बघत नाहीत, तुमच्या गाडीच्या टायरकडे बघतात. मग उकिडवे बसतात, उजव्या अंगठ्याचं नख टायरच्या खाचेत घालतात, ते किती आत जातंय ते पाहतात आणि खालूनच विचारतात, "बरं, कशी आहेस?" त्या 'बरं'च्या सुरावरून आपला टायर किती झिजलाय ते आपल्याला कळतं.

मेलबर्नच्या पश्चिमेला, टार्निटच्या घरात राहायला येऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता. रविवारी सकाळी खिडकीच्या पट्ट्यांतून मला दिसलं की एक साठीच्या आसपासचा, कानाला मफलर गुंडाळलेला माणूस आमच्या ड्राइव्हवेमध्ये गाडीच्या मागच्या चाकापाशी बसलाय. मी नवऱ्याला हाक मारली. अजित दात घासत होता, तो तसाच बाहेर धावला. तोंडात फेस असल्यामुळे त्याला ओरडता येईना. तो माणूस शांतपणे उठला, गुडघे झटकले आणि स्वच्छ पुणेरी मराठीत म्हणाला, "गाडी सेकंडहँड घेतलीत ना? पुढचे दोन टायर एका वर्षाचे आहेत, मागचे दोन दुसऱ्या वर्षाचे. विकणाऱ्याने सांगितलं होतं का?"

विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं.

"पण आम्ही मराठी आहोत हे कसं ओळखलंत?" मी दारातून विचारलं.

"आत गणपती दिसला. पण गणपती कोणीही ठेवतं. मग मागच्या सीटवर गोडा मसाल्याचं पाकीट दिसलं. तेव्हा खात्री झाली."

खात्री हा काकांचा आवडता शब्द. त्यांना कोणी संशयी म्हटलं की ते दुखावतात. "संशय नाही गं," ते म्हणतात, "खात्री नाही, इतकंच."

पिंपरीच्या एका कारखान्यात रबराचे भाग तपासायची त्यांची पहिली नोकरी होती. मग वीसेक वर्षांपूर्वी ते मेलबर्नला आले आणि आता बिस्किटांच्या फॅक्टरीत पाकिटं तपासतात. दिवसभर बिस्किटांवर नजर ठेवण्याचा त्यांना पगार मिळतो. संध्याकाळी घरी आल्यावर तेच काम ते उरलेल्या जगावर बिनपगारी करतात.

सुपरमार्केटमध्ये ते दुधाची बाटली सगळ्यात मागून काढतात, मग पुढचीही काढतात, आणि दोन्हींवरच्या तारखा सारख्या निघाल्या तर जास्तच अस्वस्थ होतात. हवामानाची तीन ॲप्स त्यांच्या फोनवर आहेत. तिन्ही बघून झाल्यावर ते खिडकीतून हात बाहेर काढतात. इथल्या लोकांचं 'नो वरीज' तर त्यांना अजून पचलेलं नाही. "मी अजून काही विचारलंही नव्हतं," ते सांगतात, "तरी हा म्हणतो नो वरीज. म्हणजे काहीतरी वरी आहे, आणि ती याला आधीपासून ठाऊक आहे."

एकदा त्यांना वाटलं की पिवळ्या झाकणाच्या डब्यातला रिसायकलिंगचा कचरा आणि लाल झाकणाच्या डब्यातला कचरा पुढे नेऊन एकत्रच करत असतील. ते गाडी काढून कचऱ्याच्या ट्रकच्या मागे गेले. तीन वसाहती ओलांडल्यावर ट्रकवाल्याने ट्रक थांबवला, खाली उतरून आला आणि म्हणाला, "यू राइट, मेट?"

"दॅट इज व्हॉट आय ॲम ट्राइंग टु फाइंड आउट," काका म्हणाले.

माझ्याकडच्या गणपतीत उकड कोणी काढली, पिठी कुठल्या दुकानातली, नारळ ताजा की फ्रोझन, असं सगळं विचारून झाल्यावरच त्यांनी पहिला मोदक उचलला होता. नंतरचे सहा मात्र काही न विचारता खाल्ले.

सुनंदाकाकू त्यांच्या अगदी उलट. सोलर पॅनेल विकायला दारात आलेल्या माणसालाही त्या आत बसवून चहा देतात. काका त्या वेळी बाहेर जाऊन त्याच्या गाडीचे टायर बघून येतात. या दोघांना एक मुलगी आहे, मुक्ता. तिचा युनिव्हर्सिटीतला पदवीचा फोटो त्यांच्या हॉलमध्ये आहे. "बाहेरगावी असते, नर्स आहे," एवढंच काका सांगतात आणि लगेच फोटोची चौकट भिंतीवर सरळ आहे की नाही ते बघायला लागतात.

खरं सांगायचं तर संशयाची ही सवय आम्हालाही लागली होती. मला तर काकूंचाच संशय यायचा. महिन्यातून एकदा, शनिवारी सकाळी, काका त्यांना स्टेशनवर सोडायचे. खांद्याला भलीमोठी पिशवी. सोमवारी त्या परत.

"कुठे जाता हो काकू?"

"भजनी मंडळाचं शिबिर असतं."

मेलबर्नच्या पश्चिमेला जेवढी मराठी मंडळं आहेत, तेवढ्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी आहे. असं शिबिर कोणालाच माहीत नव्हतं. गेल्या एप्रिलपासून तर त्या पिशवीला अळिवाच्या लाडवांचा वास यायला लागला.

"अळिवाचे लाडू? भजनी मंडळाला?" मी विचारलं. "ते तर बाळंतिणीला देतात ना?"

"गळ्याला बरे असतात," काकू म्हणाल्या. खोटं बोलताना त्यांचे कान लाल होतात.

मी घरी येऊन अजितला म्हटलं, "काहीतरी आहे." तो म्हणाला, "तू काकांसारखी बोलायला लागलीस."

तर त्याच सुमारास, मे महिन्याच्या शेवटी, आमच्या टायरचा विषय निघाला. आमची इरा नऊ वर्षांची. इथेच जन्मली आणि अजून बर्फ बघितला नाही, म्हणून वर्गात तिची लाज जात होती. "एव्हरीवन हॅज बीन, मम. लिटरली एव्हरीवन." शेवटी जुलैच्या सुट्टीत ब्राइट गावाच्या पुढे डोंगरावर जायचं ठरलं. आमची गाडी सात सीटची एसयूव्ही, आणि टायर चारही गोटा झालेले. पावसात राउंडअबाउटला वळताना मागची चाकं स्वतःच्या मनाने निघायची. अजितने लॅपटॉप उघडला, एक सेट निवडला आणि तो बटण दाबणार, तेवढ्यात दारावर टकटक झाली. काका वाटी परत द्यायला आले होते.

"काय घेतोयस?"

"टायर. बर्फात जायचंय."

काकांनी वाटी टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून बसले. "थांब," ते म्हणाले.

तिथून पुढे सहा आठवडे आम्ही थांबलो.

दुसऱ्या दिवशी ते फाइल घेऊन आले. टायरच्या बाजूवर काय काय छापलेलं असतं याचे फोटो त्यात होते. "हे बघ, एम आणि एस. चिखल आणि बर्फ. हे कंपनी स्वतःच छापते. म्हणजे हे कंपनीचं स्वतःबद्दलचं मत. मी स्वतःला देखणा म्हटलं, तसं." मग त्यांनी दुसरा फोटो पुढे सरकवला. तीन सुळक्यांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी. "ही खूण मात्र परीक्षा पास झाल्याशिवाय छापता येत नाही. बर्फावर चालवून बघतात. ही नसेल तर पुढे बोलायचंच नाही."

"मग ही असलेला घेऊया," अजित म्हणाला.

"एवढ्यावर? परीक्षा कोणी घेतली, पेपर कोणी तपासले?"

त्यांचं म्हणणं असं की थंडीत साधं रबर दगडासारखं होतं आणि मग कितीही खोल खाच असली तरी रस्ता धरत नाही. उलट नुसते हिवाळ्याचे टायर घेतले तर टार्निटच्या उन्हाळ्यात ते लोण्यासारखे झिजतील. म्हणजे बारमाही टायर हवा, पण चांदणीवाला. हे सगळं आम्हाला पटलं होतं. काकांना स्वतःला पटायचं बाकी होतं. एका संध्याकाळी ते कुठल्याशा गॅरेजच्या मागच्या ढिगातून रबराचे दोन तुकडे कापून घेऊन आले, वेगवेगळ्या पिशव्यांत, वर नावं लिहून.

"हे तुझ्या फ्रीझरमध्ये ठेव."

"तुमच्या का नाही?"

"आमच्या फ्रीझरचं तापमान बरोबर आहे याची खात्री नाही."

पुरणपोळ्यांच्या आणि खोवलेल्या नारळाच्या मधे ते तुकडे रात्रभर राहिले. सकाळी सात वाजता काका हजर. त्यांनी तुकडे काढले, दोन्हींत नख रुतवलं, डोळे मिटून पुन्हा रुतवलं. मग मला रुतवायला लावलं. एक खरंच टणक दगड झाला होता आणि दुसरा अजून मऊ होता. इरा सीरियल खाता खाता हे सगळं बघत होती. "इज अंकल ओके?" तिने विचारलं.

शेवटी टायर ठरला. मग दुकान ठरायला दोन आठवडे गेले. पाच दुकानांना फोन झाले. एक माणूस फार पटकन 'येस' म्हणाला, म्हणून बाद. एकाने भाव स्वतःहून कमी केला, म्हणून बाद. उरला गुरप्रीत. त्याचं दुकान आमच्यापासून पंधरा मिनिटांवर. मोठा हसतमुख माणूस, दाढीत पांढरे केस, आणि दारावर भलामोठा फलक: तीन टायर घ्या, चौथा मोफत.

काका फलकासमोर उभे राहिले ते हलेचनात.

"चौथा फुकट का?"

"ऑफर है, अंकलजी."

"हां, लेकिन क्यों? और चौथा कौन सा?"

"मतलब?"

"चार में से फुकट वाला कौन सा है? मेरे को दिखाओ."

गुरप्रीत हसला. "अंकलजी, चारों सगे भाई हैं. एक ही माँ के."

"तो जन्मतारीख देखते हैं," काका म्हणाले आणि खाली बसले.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. काकांनी मोबाइलचा टॉर्च लावला. पहिला, दुसरा, तिसरा, तिघेही एकाच आठवड्याचे. चौथा दीड वर्षाने मोठा निघाला.

गुरप्रीतचं हसू थांबलं. त्याने स्वतः वाकून आकडा वाचला, आत गोडाउनमध्ये कोणाला तरी मोठ्याने पंजाबीत झापलं आणि स्वतः जाऊन दुसरा टायर घेऊन आला. "सॉरी, अंकलजी. मेरी नज़र में नहीं आया." मला वाटतं तो खरंच बोलत होता. मी काकांकडे बघितलं. एवढा मोठा विजय झालाय म्हटल्यावर माणूस जरा तरी फुलेल की नाही? काका टॉर्च बंद करत होते आणि चेहरा पडलेला होता.

"बरोबर निघालात की तुम्ही!" मी म्हटलं.

"दर वेळी वाटतं, या वेळी तरी आपण चुकू," ते म्हणाले.

मग त्यांनी चाकाचे नट मशीनने न आवळता हाताने आवळायला लावले, कोणता आधी, कोणता नंतर तेही सांगितलं. गुरप्रीतने सगळं निमूटपणे केलं. पण खरी गोष्ट त्यानंतर घडली. गाडी जॅकवरून खाली आली तेव्हा काका मला म्हणाले, "तू जरा कॉफी घे. मशीन तिकडे आहे." मी चहावाली आहे हे त्यांना चांगलं माहीत आहे. मी मशीनपाशी गेले, पण मान वळवून बघत राहिले. काकांनी खिशातून एक कागद काढला आणि गुरप्रीतच्या हातात दिला. दोघं हळू आवाजात काहीतरी बोलले. गुरप्रीतने कागदाकडे बघितलं, काकांकडे बघितलं, मग त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी जवळ आल्याबरोबर दोघं गप्प.

घरी आल्यावर मी अजितला सांगितलं. "कमिशन असेल," तो म्हणाला.

"काका? कमिशन?"

"मग सहा आठवडे कोणी फुकट घालवतं का आपल्यासाठी? स्वतःच्या गाडीचे तर टायर नवेच आहेत त्यांच्या."

मला ते पटलं नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मला ते थोडं पटलं. पुढचे दोन-तीन दिवस मी त्यांना चहाला बोलावलं नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी काका आले आणि दारातच उभे राहिले. "मी येऊ का बरोबर? टायरची चाचणी घ्यायला हवी. पहिल्या प्रवासात कळतं."

"आणि काकू?"

"ती शिबिराला गेली कालच. या खेपेला लांबचं शिबिर आहे."

नाही कसं म्हणायचं? सकाळी ते आले, ते ढकलगाडीवर ताडपत्रीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. त्यांनी आमची मागची सीट पाडली आणि ते आत सरकवायला लागले. अजितने ताडपत्रीचं टोक उचललं. आत चार टायर होते.

"हे काय?"

"स्पेअर."

"चार स्पेअर?"

"बर्फात जातोय. खात्री नाही, इतकंच."

अजितने मला बाजूला घेतलं. "हे आपल्या गाडीचे नाहीत. छोट्या गाडीचे आहेत. बघ, किती लहान." त्या क्षणी आम्ही दोघांनी एकमेकांकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर मला आज आठवली तरी नको वाटतं. चोरीचा माल, वगैरे. पण इरा बूट घालून गाडीत बसली होती आणि काका पुढच्या सीटवर पट्टा लावून तयार होते. आमच्या बॅगा मांडीवर घेऊन आम्ही निघालो.

चार तासांच्या प्रवासात काका रस्त्याकडे बघत नव्हते, ऐकत होते. रेडिओ बंद, गप्पा बंद. मोकळा रस्ता दिसला की म्हणायचे, "ब्रेक मार." अजित वैतागून ब्रेक मारायचा, गाडी दगडासारखी जागेवर उभी राहायची. "हं," काका म्हणायचे. एवढंच. दुपारी ब्राइट मागे गेलं. झाडांच्या सावलीत रस्त्याच्या कडेला पांढरं दिसायला लागलं. बर्फ नव्हता, सकाळचं दव गोठलेलं होतं आणि ते दुपारीही वितळलेलं नव्हतं. एका वळणावर काकांनी अचानक हात वर केला.

"इथून डावीकडे घे."

"डोंगर सरळ आहे, काका."

"दहा मिनिटांचं काम आहे. घे."

चढावर पाच-सहा घरं होती. शेवटच्या घराशी त्यांनी गाडी थांबवायला लावली. पुढे लाकडी ओटा, धुराडं, आणि अंगणात एक छोटी लाल गाडी. काका उतरले नाहीत. समोर बघत म्हणाले, "हे टायर त्या घरी द्यायचेत. तू जा. गुरप्रीतच्या दुकानातून आलेत म्हणून सांग. मी आलोय हे सांगू नकोस."

"काका, कोणाचं घर आहे हे?"

"तू जा तर खरी."

मी पायऱ्या चढून बेल दाबली. दार उघडलं आणि समोर सुनंदाकाकू. खांद्यावर टॉवेल, टॉवेलवर एक इवलंसं बाळ.

काकूंचे कान लाल झाले.

"भजनी मंडळ?" मी म्हटलं.

त्यांना आधी हसू आलं, मग रडू. मला आत ओढून त्यांनी भराभर सगळं सांगून टाकलं, जसं काही इतके दिवस ते सांगायला कोणी हवंच होतं. मुक्ताने बेनशी लग्न करायचं ठरवलं, त्याला आता अडीच वर्षं झाली. बेन या भागातला, इथल्याच शाळेत शिकवणारा. काकांना खात्री नव्हती. त्यांनी बेनच्या शाळेत फोन केला. त्याच्या जुन्या घरमालकाला फोन केला. दोन शनिवार त्याच्या घरासमोर गाडी लावून बसले, कोण येतं, कोण जातं ते बघायला. वाईट काहीच सापडलं नाही. पण दुसऱ्या शनिवारी बेन स्वतःच बाहेर आला आणि त्याने खिडकीतून त्यांना चहाचा मग दिला. मुक्ताला कळलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तुम्ही कोणावर विश्वास ठेवूच शकत नाही. मी तुम्हाला माझ्या घरी बोलावणार नाही."

"आणि त्यांनी ते मनावर घेतलं," काकू म्हणाल्या. "तिने बोलावलं नाही, म्हणून आले नाहीत. मला स्टेशनवर सोडतात, आणायला येतात, पण इथलं एक अक्षरही विचारत नाहीत. लाडू मात्र त्यांनीच ढवळून दिले. मे महिन्यात बाळाला डोस द्यायला नेताना मुक्ताची गाडी गोठलेल्या वळणावर घसरली. कठड्याला लागून थांबली, कोणाला काही झालं नाही. मी परत गेल्यावर सांगितलं, तर जेवता जेवता उठले. दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, तिच्या टायरचा साइज काय?"

मे महिना. त्याच दिवसांत ते आमची वाटी परत द्यायला आले होते. ज्या प्रश्नांची उत्तरं त्यांना हवी होती, ते विचारायला त्यांना एक घर सापडलं होतं. गुरप्रीतला दिलेल्या कागदावर मुक्ताच्या टायरचा साइज होता, आणि आम्ही त्याला कमिशन म्हटलं होतं. माझं तोंड एवढंसं झालं.

मागून आवाज आला, "आई, कोण आलंय?" मुक्ता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. फोटोतल्यापेक्षा बारीक, डोळ्यांखाली काळं. डोळे मात्र काकांचे, बघता बघता तपासणारे.

मला खोटं बोलायला सांगितलेलं होतं. मी म्हटलं, "टायर आलेत. गुरप्रीतच्या दुकानातून."

"मी कुठे टायर मागवलेत? कोण गुरप्रीत?" ती माझ्या खांद्यावरून खिडकीतून बाहेर बघायला लागली. आमची गाडी दिसत होती, आणि तिच्या पुढच्या सीटवर मफलर. मुक्ताने अंगात जाड जाकीट चढवलं आणि ती बाहेर गेली. काकू आणि मी ओट्यावर आलो.

तेवढ्यात घरामागून बेन आला. उंच, शांत माणूस, हातात जळणाची लाकडं. त्याने आमच्या डिकीत बघितलं, लाकडं खाली ठेवली, एक टायर उचलला आणि उलटा करून बाजूवरची खूण वाचली. "दीज आर द प्रॉपर वन्स," तो म्हणाला. "आय कुडन्ट फाइंड दीज एनीव्हेअर."

मुक्ता काकांच्या खिडकीपाशी उभी होती. काच बंद होती. बराच वेळ बंद राहिली. मग खाली झाली.

"चांदणीवाले आहेत," काका समोर बघत म्हणाले. "चारही एकाच आठवड्याचे. मी बघितलेत. नट हाताने आवळायला सांग बेनला. आणि पन्नास किलोमीटर झाल्यावर परत एकदा..."

"बाबा."

"मी उतरत नाही. तू बोलावलं नाहीयेस. हे द्यायला आलो होतो फक्त."

मुक्ताचा राग गेला होता असं मला वाटत नाही. तिने दाराच्या काठावर बोटाने दोनदा टकटक केलं, विचार करताना करतात तसं.

"जेवायला थांबा," ती म्हणाली. "आमटी-भात आहे. बाकीचं नंतर बघू."

काका उतरले. बेनने पुढे होऊन त्यांच्याशी हात मिळवला. काका त्याला काहीतरी म्हणाले, ते आम्हाला ऐकू आलं नाही. बेन हसला आणि दोघांनी मिळून टायर शेडमध्ये नेले, एकेका हातात एकेक, बेन पुढे आणि काका मागे. परत येऊन काकांनी ओट्यावरच्या नळाखाली हात धुतले. साबण लावून पुन्हा धुतले. मग हात कोरडे करत तिथेच उभे राहिले, आत यायचं की नाही ते ठरेना तसे.

मुक्ताने आईच्या खांद्यावरून बाळ घेतलं आणि त्यांच्या हातात दिलं.

मला वाटलं, आता तपासणी. वजन किती, डोस कुठला दिला, डॉक्टर कोण, टोपी कसल्या लोकरीची. काका बाळाकडे बघत राहिले. बाळाने त्यांचा मफलर मुठीत धरला. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

"नाव काय ठेवलंय ते तरी विचारा की," मुक्ता म्हणाली.

काकांनी मान हलवली. "तू ठेवलंयस ना?" ते म्हणाले. "मग चांगलंच असणार."

मुक्ताने तोंड फिरवलं. काकू आमटी गरम करायला आत गेल्या. थोड्या वेळाने मुक्तानेच जवळ येऊन बाळाचं नाव त्यांना हळूच सांगितलं. काकांनी ते एकदा पुटपुटून बघितलं, आणि मग बाळाकडे बघून मोठ्याने म्हटलं, "लीला."